१८७३ हे साल धरून चला

इतिहासाच्या सरांनी ‘गुलामगिरीविरुद्धचं जुनं लेखन शोधा आणि पाच पानं लिहून आणा’ असं सांगितलं की पुढे काय होणार ते ठरलेलं असतं. पहिल्या पानावर साखळी तोडणारे दोन हात, दुसऱ्यावर अब्राहम लिंकन, तिसऱ्यावर विल्बरफोर्स, चौथ्यावर ‘अंकल टॉम्स केबिन’ आणि पाचव्यावर, गुलामगिरी हा मानवतेला कलंक होता. सुरतेत लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत जळगाव-धुळे-नंदुरबारहून लूम्सवर कामाला आलेली हजारो घरं आहेत आणि त्यांच्या मुलांसाठी महापालिकेच्या मराठी शाळाही आहेत. तिथले प्रकल्पही याच साच्यातून निघतात. लिंकनबद्दल तक्रार नाही. पण ज्या शहराच्या बंदरावर गुलाम उतरत, ज्याच्या आसपासच्या गावांत माणूस लग्नाच्या कर्जापायी जन्मभर दुसऱ्याच्या शेतावर बांधला जाई, त्या शहरात बसून फक्त अमेरिकेचीच चित्रं चिकटवायची, म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा.

वळसा का पडतो त्यालाही कारण आहे. अमेरिकेतलं साहित्य सापडायला सोपं, कारण तिथे गुलामांनी स्वतः लिहिलं. इक्वियानोचं आत्मचरित्र १७८९चं, मेरी प्रिन्सची कहाणी १८३१ची, फ्रेडरिक डग्लसचं पुस्तक १८४५चं. पुढे १९३६ ते १९३८ या काळात तिथल्या सरकारने माणसं पाठवून, गुलामीत जन्मलेल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या तोंडून दोन हजार तीनशेंहून जास्त आठवणी उतरवून घेतल्या. त्या सगळ्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. आपल्याकडे असं जवळजवळ झालंच नाही. इथली गुलामी मोठमोठ्या मळ्यांवर कमी आणि घरात, गोठ्यात, वाड्याच्या मागच्या दारी जास्त होती. ती ज्यांच्या वाट्याला आली त्यांच्या हाती पाटी-पेन्सिल पडू दिली गेली नव्हती. त्यामुळे आपल्याकडचं साहित्य मालकांच्या हिशेबात, साहेबांच्या अहवालात, तहाच्या कलमात आणि कायद्याच्या पुस्तकात विखुरलेलं आहे. ‘गुलामगिरीविरोधी साहित्य’ असा शिक्का कुठल्याच कपाटावर मारलेला नाही.

म्हणून विषय धरून शोधण्यापेक्षा एखादं साल धरून शोधावं, असं माझं मत आहे. आणि सालच धरायचं तर १८७३.

त्या वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं. पुस्तक सगळ्यांना नावाने माहीत असतं. उघडून पाहिलेलं फार थोड्यांनी असतं. उघडलं की पहिलं आश्चर्य अर्पणपत्रिकेचं. मराठी पुस्तक, पण अर्पणपत्रिका इंग्रजीत, आणि ती अमेरिकेतल्या भल्या लोकांना. निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी जी निःस्वार्थ झीज सोसली तिच्याबद्दल आदर म्हणून पुस्तक त्यांना अर्पण, आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवून शूद्र बांधवांना सोडवावं अशी इच्छा, असा तिचा आशय. अमेरिकेच्या राज्यघटनेत गुलामगिरी रद्द करणारी तेरावी दुरुस्ती १८६५ची, म्हणजे मधे जेमतेम आठ वर्षं. आजच्यासारखी बातमी हातातल्या पडद्यावर येत नव्हती त्या काळात पुण्यातला एक माणूस अटलांटिकपलीकडच्या लढ्याला आपल्या लढ्याशेजारी मांडून बघत होता.

पुढचं पुस्तक धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादाचं आहे. धोंडीबा विचारतो, शंका काढतो, मधूनच चकित होतो. जोतीराव सांगत जातात. वर्गात दोघांनी मिळून वाचायला याच्याइतका सोयीचा जुना मराठी मजकूर दुसरा नसेल. एखादे सर म्हणतील, हे तर जातिव्यवस्थेवरचं पुस्तक, गुलामगिरीवरचं कुठे? मुलाने अर्पणपत्रिकेवर बोट ठेवावं. फुल्यांचा मुद्दाच हा आहे की ब्राह्मणी धर्माच्या आडोशाने शूद्रातिशूद्रांचं जे झालं त्याला दुसरं नाव देता येत नाही. हा मुद्दा पटो न पटो, पाच पानांपैकी दोन पानं त्यावर सहज खर्च होतील. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलेल्या ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ या खंडात पुस्तक आहे आणि तो खंड मंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतो. त्यासाठी पुण्याला जायला नको, पैसे मोजायला नकोत.

फुल्यांच्याच शाळेतली मुक्ता साळवे ही चौदा वर्षांच्या आसपासची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तो ‘गुलाम’ या शीर्षकाखाली शोधलात तर हाती लागणार नाही. पण प्रकल्प करणाऱ्या मुलीच्याच वयाच्या मुलीने केलेलं लेखन आहे, ते सोडू नये.

आता पुन्हा १८७३. त्याच वर्षी, मे महिन्याच्या पहिल्या तारखेला, आजच्या झांबियातल्या चितांबो नावाच्या गावात डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा प्रवासी वारला. त्याच्याबरोबरच्या माणसांत जेकब वेनराइट नावाचा तरुण होता. हा याओ जमातीचा. लहानपणी गुलाम म्हणून पकडला गेला, समुद्रावर इंग्रजी आरमाराने सोडवला, आणि त्याला आणून ठेवलं कुठे, तर नाशिकला! नाशिकजवळ शरणपूर इथे चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत होती आणि सुटलेल्या आफ्रिकी मुलांना तिथे लिहिणं-वाचणं आणि हातचा धंदा शिकवत. आज नाशकात शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल कोण जाणे. लिव्हिंग्स्टनचे दुसरे साथीदार चुमा आणि सुसी यांचाही मुंबईशी संबंध आला होता. चुमा तर काही काळ डॉ. विल्सन या मिशनऱ्याच्या मुंबईतल्या शाळेत होता.

या माणसांनी ठरवलं की साहेबाचं शव त्याच्या देशी पोचवायचं. काळीज तिथेच झाडाखाली पुरलं. अंत्यविधीची प्रार्थना वेनराइटने म्हटली आणि झाडाच्या बुंध्यावर अक्षरंही त्यानेच कोरली, कारण लिहिता येणारा तो. मग शव वाळवून, गुंडाळून, कित्येक महिने चालत त्यांनी समुद्रकिनारा गाठला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत नाशिकला शिकलेला जेकब होता. या सगळ्या प्रवासाची त्याने रोजनिशी ठेवली. नाशिकच्याच कॅरस फेरार या सोबत्यानेही हकिकत लिहिली. वर म्हटलं की गुलामीतून गेलेल्या माणसाने स्वतः लिहिलेलं आपल्याकडे जवळजवळ नाही. त्या ‘जवळजवळ’मध्ये हे दोघे बसतात. लेखन इंग्रजीत, घडलं आफ्रिकेत, पण अक्षर गिरवलं गोदाकाठी. वेनराइटच्या रोजनिशीची पानं आता डिजिटल स्वरूपात पाहता येतात. एक गोष्ट मात्र मुलांनी आधीच समजून घ्यावी. ही रोजनिशी गुलामगिरीवर भाषण झोडत नाही. आज किती चाललो, कोण आजारी पडलं, कुठल्या गावाने वाट अडवली, असलाच मजकूर. विकत घेतला जाऊ शकणारा मुलगा पुढे तारीखवार नोंदी ठेवणारा माणूस झाला, हे त्या नोंदींतूनच कळतं. ते वेगळं सांगायला नको.

आणि तिसरी गोष्ट, हीही १८७३चीच. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर त्या वर्षाच्या सुरुवातीला जांजीबारला गेले. तिथल्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद करावा म्हणून घासाघीस झाली, सुलतानाने आधी नकार दिला, मग आरमाराच्या नाकेबंदीची धमकी आली आणि ५ जून १८७३ रोजी तहावर सही झाली. याचा गुजरातशी संबंध असा की जांजीबारच्या पेढ्या कच्छी-गुजराती व्यापाऱ्यांच्या होत्या. बंदराची जकात वसूल करण्याचा मक्ता कित्येक वर्षं जयराम शिवजी यांच्या पेढीकडे होता. फ्रियर यांनी या वाण्यांवर वेगळं टिपण लिहिलं, आणि आपल्या प्रजेने या व्यापारात पडू नये म्हणून कच्छच्या रावांनीही जाहीरनामा काढला. इंग्रजांच्या परोपकारावर मुलांनी फार भाळू नये. लिहिणारा साम्राज्याचा अधिकारी होता आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आपला पाय रोवणं हाही हिशेब त्यात होता. पण भांडवल कोणाचं, जहाज कोणाचं, खरेदीदार कोण, हे त्या टिपणांत मिळतं आणि ते इतरत्र सहज मिळत नाही.

हे कागद हुडकायचे तर एक व्यावहारिक अडचण येते. इंग्रजी कागदांत जुनी स्पेलिंगं आहेत. आजच्या स्पेलिंगने ‘नाशिक’ शोधलं तर फारसं काही येणार नाही. तेव्हाचे मिशनरी एन-ए-डबल एस-आय-सी-के असं लिहीत. सिद्दीला एस-डबल ई-डी-डबल ई. सुरतेकडच्या हाळीच्या, म्हणजे कर्जापायी बांधल्या गेलेल्या शेतमजुराच्या, शेवटी दोन ई. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर फुकट नोंदणी होते. तिथे ही रूपं घालून बघावी. हक्काची मुदत संपलेली जुनी पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवर बघावी. मराठी कागदांत तर ‘गुलाम’ क्वचितच. तिथे बटीक, कुणबीण, दासी असे शब्द. पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणींच्या खरेदीविक्रीच्या आणि बक्षीस दिल्याच्या नोंदी आहेत. मुलांच्या पुस्तकांत त्या येत नाहीत. यायला हरकत नव्हती.

याच्या बरोबर उलट टोकाचा एक मराठी दाखला आहे आणि सुरतेत तो मुद्दाम सांगण्याजोगा आहे, कारण इथे शिवाजी महाराज म्हटलं की १६६४ आणि १६७० या दोन स्वाऱ्यांपलीकडे कोणी जात नाही. १६७७ साली महाराज दक्षिण दिग्विजयाला गेले असताना तमिळ किनाऱ्यावरच्या डच व्यापाऱ्यांना त्यांनी कौल दिला. त्यात एक कलम असं की मागच्या अमलात तुम्ही इथे बायका-पुरुष गुलाम विकत घेऊन बाहेर नेत होतात. मी या मुलखाचा धनी आहे तोवर ते चालणार नाही, आणि प्रयत्न केलात तर माझी माणसं अडवतील. कौलाचा मजकूर डच दप्तरातून आपल्यापर्यंत आला. सतराव्या शतकातल्या एका राज्यकर्त्याने युरोपीय कंपनीला तोंडावर असं सांगावं, हे जगाच्या इतिहासातही ठळक आहे. तरी प्रकल्पात हा कौल आणि कुणबिणींच्या नोंदी शेजारी शेजारी लावाव्यात. एकच लावला तर भाषण होतं.

आता खुद्द सुरत. पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन प्रवासी १६२३ साली इथे उतरला. चाकर किती स्वस्त मिळतात आणि गुलाम किती आहेत हे पाहून त्याने ते लिहून ठेवलं. आफ्रिकेतून आलेले हबशी इथे सैन्यात, आरमारात, सरदारांच्या पदरी होते. काही तर गुलामीतून वर येऊन सत्ताधारी झाले. अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार हाकणारा मलिक अंबर त्यातला सर्वांत प्रसिद्ध. मुलांना हे पुस्तकातलं वाटत असेल तर त्यांनी बाप किंवा काका कामाला जातो त्या सचिन जीआयडीसीची आठवण करावी. सचिन हे १७९१ साली स्थापन झालेलं सिद्दींचं संस्थान. जंजिऱ्याच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या सिद्दी अब्दुल करीमने पेशव्यांशी करार करून जंजिऱ्यावरचा दावा सोडला आणि बदल्यात सुरतेजवळचा हा मुलूख घेतला. ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले त्यांच्या वंशजांनी इथे दीडशेहून अधिक वर्षं राज्य केलं. डी. आर. बनाजी यांनी १९३२ साली मुंबई आणि सिद्दी यांवर आणि १९३३ साली ब्रिटिश हिंदुस्थानातल्या गुलामगिरीवर इंग्रजीत पुस्तकं लिहिली. दोन्ही थोडी रुक्ष आहेत, पण त्यांत जुने सरकारी कागद भरपूर उतरवलेले असल्याने शाळकरी मुलाचा निम्मा वेळ वाचतो.

माझ्या मते सुरतेचं खरं प्रकरण बंदरावर नाही, उसाच्या-भाताच्या शेतात आहे. दक्षिण गुजरातेत अनाविल जमीनदारांकडे दुबळा जमातीची माणसं ‘हाळी’ म्हणून राहत. तरुण मुलाचं लग्न ठरलं की मालक, म्हणजे धणियामो, पैसे देई. ते फेडण्यासाठी तो मालकाच्या शेतावर राबू लागे, बायको मालकाच्या घरी शेण-सारवण, झाडलोट करी. मजुरी म्हणून धान्य, अधूनमधून कपडा. कर्ज फिटण्याजोगं नसेच. फिटावं अशी कोणाची इच्छाही नसे. मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न आलं, की त्याच घरचं नवं कर्ज.

इथे कायद्याचा एक मजकूर मुलांनी अख्खा उतरवून काढावा, कारण तो वहीच्या एका पानावर मावतो. १८४३ सालचा पाचवा कायदा. ब्रिटिशांनी १८३३ साली आपल्या साम्राज्यातली गुलामगिरी रद्द केली तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्यातून वगळला होता. दहा वर्षांनी हा कायदा आला. कलमं चार. सरकारी अधिकाऱ्याने वसुलीसाठी कोणाला गुलाम म्हणून विकायचं नाही. अमुक माणूस माझी मालमत्ता आहे असा दावा कोर्टाने ऐकायचा नाही. गुलाम होता म्हणून कोणाची मिळकत काढून घ्यायची नाही. आणि स्वतंत्र माणसाविरुद्ध जे केलं तर गुन्हा होतो ते गुलामाविरुद्ध केलं तरी गुन्हाच. बस. गुलामगिरी रद्द झाली असं वाक्य त्यात नाही. गुलाम बाळगणाऱ्याला वेगळी शिक्षा नाही. माणसांच्या खरेदीविक्रीला शिक्षा १८६०च्या दंडसंहितेत आली. हाळीला या कायद्याचा फारसा उपयोग झाला नाही, कारण कागदावर तो गुलाम नव्हताच, कर्जदार होता. उलट १८५९ साली असा कायदा आला की आगाऊ पैसे घेऊन मजुराने काम सोडलं तर त्याच्यावरच खटला भरता येई. तो १९२५ साली रद्द झाला. एका हाताने गुलामीचा दावा नाकारायचा आणि दुसऱ्या हाताने उचलीचा दावा चालवायचा, हे सोळा वर्षांच्या अंतराने झालेले दोन कायदे समोरासमोर ठेवल्यावर जितकं दिसतं तितकं कुठल्याही भाषणातून दिसत नाही.

१८४३च्या कायद्यानंतर पुढच्याच वर्षी सुरतेत दुर्गाराम मेहताजी आणि मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी मानवधर्मसभा काढली. दादोबा तेव्हा इथे शिक्षक होते. जातिभेद आणि जादूटोणा यांवर सभेत खडाजंगी होई. दुर्गारामांची नोंदवही त्यांच्या गुजराती चरित्रात छापली आहे, दादोबांचं आत्मचरित्र मराठीत आहे. मनुष्यजात एक म्हणणाऱ्या त्या शहरी मंडळींच्या बोलण्यात शेतावरचा हाळी किती येतो, एवढंच तपासलं तरी वरच्या वर्गाचा एक पुरा प्रकल्प होईल.

हाळींची बाजू घेणारं लेखन पुढे विसाव्या शतकात वाढत गेलं. बारडोलीचा १९२८चा सत्याग्रह गाजला तो जमीनधारक शेतकऱ्यांचा होता. महादेवभाई देसाईंची त्यावरची हकिकत वाचताना शेत कोणाचं आणि नांगर कोणाच्या हातात, हा प्रश्न विचारत वाचावी. त्याच तालुक्यात हरिपुऱ्याला १९३८ साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, सुभाषबाबू अध्यक्ष होते, आणि त्याच सुमारास इंदुलाल याज्ञिक आणि त्यांच्या किसान सभेने हाळींचा प्रश्न हाती घेतला. वेडछीला जुगतराम दवे आश्रम काढून आदिवासींत राहिले. ‘दुबळा’ जाऊन ‘हळपती’ हे नाव आलं ते या वर्षांत. नंतर यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या गावांत राहून अभ्यास केला. त्याचं पुस्तक १९७४ साली निघालं, आणि हाळी पद्धतीवर इतकं बारकाईने दुसऱ्या कोणी लिहिलेलं नाही. सुरतेतल्या विद्यापीठाच्या आवारात १९६९ साली आय. पी. देसाईंनी स्थापन केलेलं सेंटर फॉर सोशल स्टडीज आहे; या विषयावरचे अभ्यास वाचायला तिथलं ग्रंथालय सर्वांत बरं. शाळेचं पत्र घेऊन, सरांना बरोबर घेऊन जावं. गुजराती जुन्या पुस्तकांसाठी १८५० सालापासूनची अँड्र्यूज लायब्ररी आहे.

बाबासाहेबांचं एक पत्र राहिलं. जुलै १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना लिहिलं की तुमच्या लोकांचा प्रश्न आणि आमच्या अस्पृश्यांचा प्रश्न यांत फार साम्य आहे, तुमचे लोक संयुक्त राष्ट्रांकडे देणार असलेल्या अर्जाची प्रत मला मिळेल का? डू बॉइस यांनी ३१ जुलैला उत्तर दिलं. दोन्ही पत्रं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहेत आणि दोन्ही छोटी आहेत. फुल्यांच्या अर्पणपत्रिकेनंतर त्र्याहत्तर वर्षांनी त्याच दिशेने गेलेलं पत्र. पाचव्या पानावर उपसंहाराऐवजी हेच डकवलं तरी चालेल.

ज्या मुलांना एवढं करून आणखी करायचं असेल त्यांच्यासाठी एक कायदा उरतो, वेठबिगारी निर्मूलनाचा, १९७६चा. दरवर्षी दिवाळीनंतर नंदुरबार, धुळे, डांग भागातून कोयता टोळ्या बारडोलीकडच्या साखर कारखान्यांच्या उसावर येतात. मुकादम आधी उचल देतो, मग टोळी हंगामभर ती फेडते. लिंबायतच्या कित्येक घरांत मामा किंवा आत्या यातून गेलेली असते. हा कायदा आगाऊ पैसे दिल्याला गुन्हा म्हणत नाही. त्या पैशापायी माणसाला दुसरीकडे जायची, काम सोडायची किंवा किमान वेतन मागायची मोकळीक उरली नाही, तर मात्र म्हणतो. आणि त्याच्या पंधराव्या कलमात १८४३च्या कायद्यात नसलेली एक तरतूद आहे. हे कर्ज वेठीचं आहे असं मजुराने म्हटलं, तर ते तसं नाही हे सिद्ध करायचं ओझं कर्ज देणाऱ्यावर.